पावसाआधी गॅरेजचं तेल गटारात जाऊ नये म्हणून नक्की काय करायचं? (भांडुप पश्चिम)

रॅम्पवाला_भांडुप · ११ मे, रात्री १०.२०

मंडळी, भांडुप पश्चिमेला एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत माझं गॅरेज आहे. टू-व्हीलर जास्त, रिक्षा थोड्या, ओळखीतल्या दोन-चार गाड्या. गाळा भाड्याचा, मालक वसईला. लादीचा उतार रस्त्याकडे आणि गाळ्याच्या तोंडाशीच पालिकेची लोखंडी जाळी. आत काहीही सांडलं तरी त्याची वाट ठरलेली.

गेल्या पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी भरलं, तेव्हा काळ्या ऑइलचा ड्रम तरंगला आणि आडवा झाला. समोरच्या टेलरमामांची खालच्या फळीवरची कापडं गेली, शेजारच्या किराणा दुकानाच्या पायऱ्यांवर दिवाळीपर्यंत काळा पट्टा दिसत होता. टेलरमामांनी भरपाई घेतली नाही, पण तेव्हापासून बोलणं कामापुरतंच. आता मागच्या सोसायटीने लेखी कळवलंय की यंदा तेल दिसलं तर वॉर्डात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळात तक्रार जाईल. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

रोजचा प्रकार असा की पोरं संध्याकाळी कपड्यांची पावडर टाकून पाइपने लादी धुतात. एक विक्रेता येऊन गेला, ऑइल सेपरेटर म्हणून फायबरची टाकी दाखवली, किंमत एका जुन्या स्कूटरएवढी. ती बसवली की सगळे प्रश्न मिटतात म्हणतो.

ही समोरची जाळी ड्रेनेजला जाते की आणखी कुठे? टाकीचा खरंच उपयोग आहे का? आणि पाऊस तोंडावर आलाय, तर सगळ्यात आधी कशाला हात घालू? गाळ्याची तोडफोड मालक करू देणार नाही, हे धरून सांगा.

---

चालतंय_की · ११ मे, रात्री १०.४१

जाळीवर फळी टाका, वर गोणपाट. झालं. आमच्याकडे कांजूरला सगळे हेच करतात. उगाच डोकं लावू नका.

---

निवृत्त_पर्जन्यवाले · १२ मे, सकाळी ६.५५

माझी नोकरी महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यात गेली, त्यातली बरीच पूर्व उपनगरात. तेव्हा फळीवाल्या मित्राला आधी उत्तर देतो. मे महिन्यात लादी साफ करताना तासाभरासाठी जाळी झाकलीत तर उत्तम. पण पावसात झाकून ठेवलीत तर पाणी तुमच्याच गल्लीत साचणार. मग कोणीतरी शहाणा मॅनहोलचं झाकण उघडणार, आणि त्यात माणूस जातो. मुंबईत हे घडलेलं आहे. फळी काढा.

आता रॅम्पवाले, तुमचं.

तुमच्या समोरची जाळी ड्रेनेजला जात नाही. भांडुपच्या संडास-न्हाणीघराचं पाणी मलवाहिनीने भांडुपच्याच मलजल केंद्रात जातं, तिथे त्यावर थोडीफार तरी प्रक्रिया होते. जाळीतलं पाणी फुटपाथखालच्या गटारातून नाल्यात, नाल्यातून रेल्वे रूळ आणि पूर्व द्रुतगती मार्गाखालून पलीकडे, मिठागरांच्या कडेने थेट ठाणे खाडीत. मध्ये ना टाकी, ना गाळणी. तुमच्या रॅम्पखाली जे टपकलं तेच खाडीत. खाडीचा तो पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलाय. मंडळाकडे तक्रार गेली तर ही गोष्ट कागदावर येणारच.

खात्री करायची असेल तर आत्ता, कोरड्या दिवसांत, दुपारी जाळीतून टॉर्च मारून बघा. पावसाळी गटार या दिवसांत कोरडं हवं. वाहताना दिसलं तर वरच्या अंगाला कोणीतरी आपली मोरी त्यात सोडलीय. मुंबईत हे इतकं सर्रास आहे की कोरडं गटार दिसलं तर मला आश्चर्य वाटतं. पण दुसऱ्याने सोडलंय म्हणून तुम्ही सोडायचं, हे गणित धरू नका.

पाणी उलटं का आलं तेही समजून घ्या, कारण तुमचा ड्रम त्यातच गेला. मुंबईत नाल्यांची समुद्रात आणि खाडीत उघडणारी १८६ तोंडं आहेत आणि बहुतेक सगळी मोठ्या भरतीच्या पातळीखाली. भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी गाठ पडले की नाल्यातलं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. त्यात जुनी यंत्रणा ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ५० मिलिमीटरची शिफारस ब्रिमस्टोवॅडच्या, म्हणजे मुंबईची पावसाळी गटारं सुधारायच्या योजनेच्या अहवालात १९९३ सालीच झाली होती, कामाने जोर धरला तो २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडल्यावर. तर पाणी मागे फुगलं की त्यावरचा तेलाचा तवंग सगळ्यात आधी उंबरठा ओलांडतो. तुम्ही सकाळी जाळीत घालवलेलं तेल संध्याकाळच्या भरतीला टेलरमामांच्या कापडाला लागतं ते असं.

लादी धुणं आजपासून बंद करा. पाणी नको आणि पावडर तर त्याहून नको. तेल नुसतं असतं तेव्हा ते वर तरंगतं, दिसतं, काढता येतं. साबण घातला की त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं आणि पाणी दुधट दिसायला लागतं. ते पाणी मग कुठल्याही टाकीत थांबत नाही. तुमच्या विक्रेत्याने हे सांगितलं का? नसेल सांगितलं. सेपरेटर टाकी वाईट नसते. तेल वर येतं, रेती खाली बसते आणि बाहेर जाणारी नळी मधल्या थरातलं पाणी उचलते, एवढंच तिचं तंत्र. नळी आत वाकवून खाली नेलेली नसेल तर ती टाकी म्हणजे नुसतं पिंप. ती वरचेवर उपसावी लागते. शिवाय तिचं पाणी सोडणार कुठे? पुन्हा त्याच जाळीत? मलवाहिनीला जोडायची तर पालिकेची परवानगी लागते. तुमच्याएवढ्या गॅरेजने गाड्या धुणं बंद ठेवलं तर टाकीची गरजच पडत नाही. ते पैसे वाचवा.

त्याऐवजी लाकडाचा भुसा आणा. वखारीत पोत्याने मिळतो. तेल सांडलं की लगेच भुसा टाकायचा, पायाने नीट रगडायचा, काळा झाला की झाडूने गोळा करायचा. जुन्या डागावर सिमेंटची पूड रात्रभर टाकून सकाळी खरवडली की बरंच निघतं. हा भुसा मात्र कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. त्याचं पुढे सांगतो, आधी चहा घेतो.

---

वडापाव_ताई · १२ मे, दुपारी ३.१०

गॅरेजचं मला कळत नाही, पण जाळीचं दुखणं सारखंच. माझी स्टेशनजवळ खानावळ आणि पुढे वड्याची कढई. आमच्या लाइनीत सगळ्यांची भांडी घासायची जागा जाळीच्या शेजारी, कारण तिथे पाणी जातं. घासायला बसलेल्या बाईला दोष देऊन काय उपयोग? मोरी आत बांधून द्यायला हवी होती, ती मी दिली. आता ताटं-पातेली आधी कागदाने पुसायची, शितं बादलीत काढायची आणि मगच नळाखाली. सिंकखाली ग्रीस ट्रॅप, म्हणजे चरबी अडवणारी पेटी आहे, दर सोमवारी उपसतो. उन्हाळ्यात त्यातली चरबी पातळ असते, पावसाळ्यात हवा गार पडली की ओंडक्यासारखी घट्ट होते आणि फावड्याने काढावी लागते.

कढईतल्या तेलाला फूड सेफ्टीवाल्यांची मर्यादा आहे, पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब झालं की वाढतात ते) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळायला वापरायचं नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांना जुन्या तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत माणसालाच द्यावं लागतं. माझा खप तेवढा नाही, तरी मी कॅनमध्ये साठवून बायोडिझेलवाल्याला देते. चार पैसे येतात. आणि रात्री दारात येऊन “ताई, जुनं तेल आहे का” विचारणारा जो गाडीवाला असतो त्याला देत नाही. ते पुन्हा कोणाच्या तरी कढईत जाणार हे मला माहीत आहे.

गटारात शितं गेली की उंदीर आलेच, आणि पाणी तुंबलं की उंदरांमुळे होणाऱ्या लेप्टो तापाची भीती. आमच्या लाइनीतला एक मुलगा तापाने दवाखान्यात होता तेव्हापासून मी या बाबतीत कोणाचं ऐकत नाही.

---

निवृत्त_पर्जन्यवाले · १२ मे, संध्याकाळी ५.३०

ताईंनी पुसणं आधी आणि पाणी नंतर हे बरोबर सांगितलं. गॅरेजलाही तेच लागू.

राहिलेलं सांगतो. गाडीतून काढलेलं काळं ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांत त्याचा वर्ग ५.१, आणि तेल लागलेला भुसा वगैरे साधारण ५.२ मध्ये धरतात. साधारण ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही आणि मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्यायचं. नेताना नमुना १० ची पावती होते, ती देणाऱ्याने म्हणजे तुम्ही करायची आणि त्यावर नेणाऱ्याची सही घ्यायची. तिची प्रत जपून ठेवा. सोसायटीच्या पत्राला तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे त्या पावत्यांची फाइल. गॅरेजला मंडळाची कुठली संमती लागते तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

सध्या तुमचं ऑइल कोण नेतं? बहुधा स्कूटरवर कॅन बांधून येणारा. तो ते सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना लावतात त्या फळ्यांना लावायला विकतो नाहीतर भट्टीत जाळायला. फळ्या बांधकामावर उघड्यावर पडलेल्या असतात, पाऊस येतो आणि तुमचं तेल पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या नाल्यातून त्याच खाडीत पोचतं.

फिल्टर तसाच भंगारात टाकू नका. गरम असतानाच भोक पाडून ट्रेवर ठेवलेल्या तारेच्या चाळणीवर उलटा ठेवा, रात्रभर निथळू द्या. सकाळी खालच्या ट्रेमध्ये किती तेल जमलंय ते पोरांना दाखवा, भाषणापेक्षा लवकर समजतं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) वेगळ्या कॅनमध्ये, झाकण घट्ट. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. जुन्या बॅटऱ्या आडोशाला, उभ्या, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, नव्या बॅटरीच्या बदल्यात डीलरला परत.

आणि बाहेर फुटपाथवर जे पडलंय ते. उघडलेली इंजिनं, चेन, सायलेन्सर, “कधीतरी लागेल” म्हणून ठेवलेले पार्ट. ऑक्टोबरपासून त्यांतून जे टपकलंय, त्यावर टायरची पूड आणि धूळ बसलीय, ते सगळं पहिल्या दोन-तीन सरींत एकदम वाहून जातं. नाल्यात वर्षातलं सगळ्यात घाण पाणी तेव्हाचं असतं. त्यामुळे मे महिन्यात एक दिवस धंदा बंद ठेवून हे उचललंत तर पावसाळाभर जाळीशी उभं राहून जे साधणार नाही ते साधेल. ११ जूनची वाट बघू नका, मुंबईत पाऊस दाखल व्हायची ती सरासरी तारीख आहे. २०२५ ला २६ मेलाच पाऊस मुंबईत दाखल झाला होता आणि नालेसफाईची ३१ मेची मुदत तेव्हा संपलीही नव्हती.

---

खाडीवरचा · १२ मे, रात्री ९.०५

मी भांडुप गावचा, पूर्वेचा. आमचं घर कोळ्यांचं, बाप-काका खाडीत जायचे, मी नोकरी सांभाळून जातो. तुमच्या गल्लीतलं पाणी येऊन पडतं तो नाला मला माहीत असणार, नावाने नाही तर वासाने.

पहिल्या पावसानंतर ओहोटीला तिवरात जाऊन बघा कधीतरी. चिखलातून वर आलेले जे काटे असतात, ज्यातून तिवर श्वास घेतं, त्यांच्यावर बोटभर रुंद काळी रेघ बसलेली असते. सगळ्यांवर एकाच उंचीला. पाणी तिथपर्यंत चढलं होतं आणि उतरताना तेल ठेवून गेलं. हात लावला तर ते साबणाने जात नाही, रॉकेलने काढावं लागतं. जाळं भरलं तर त्याचंही तेच. चिंबोरी आणि निवट्या त्याच चिखलात राहतात. गिऱ्हाईक मासळी नाकाला लावून परत ठेवतं, “रॉकेल मारतंय” म्हणतं, आणि आपल्याकडे त्याला उत्तर नसतं.

एकट्या तुमच्या गॅरेजमुळे होतंय असं नाही म्हणत मी. वर पार डोंगरापासून सगळ्यांचं येतं. विचारलंत म्हणून सांगितलं.

---

रॅम्पवाला_भांडुप · १३ मे, दुपारी १.४५

सगळ्यांचे आभार. खाडीवरच्या भाऊंचं वाचून मोबाइल पोरांपुढे धरला, त्यातला एक स्वतः भांडुप गावात राहतो, तो काहीच बोलला नाही.

काका, टॉर्च मारून पाहिली. वाहतंय. वरच्या बाजूला गाड्या धुण्याचं सेंटर आहे, फेस तिकडचाच. ते माझ्या डोक्यावर येणार का?

आज धुणं बंद केलं, भुशाची दोन पोती आणली. पण प्रश्न उरतातच. एक, परवानगीवाल्या ऑइलवाल्याला फोन केला तर म्हणाला पूर्ण ड्रम भरल्याशिवाय गाडी पाठवणार नाही. माझा ड्रम ९० दिवसांत अर्धाही होत नाही. दोन, भुसा शेवटी ठेवू कुठे? तीन, पाणी पुन्हा गुडघाभर आलं तर ड्रम पुन्हा तरंगणारच, त्याचं काय? चार, छपराची पन्हळ गाळ्याच्या पुढ्यात पडते, बरोबर जिथे आम्ही गाड्या खोलतो तिथे.

---

कुर्ला_सीएसटी_रोड · १३ मे, दुपारी ४.२०

ड्रमचं आमच्याकडे असं जमवलं. आमच्या लाइनीतले सहा गाळे मिळून एकाच दिवशी गाडी बोलावतो. तेल कोणीही दुसऱ्याकडे नेऊन साठवत नाही, ज्याचं त्याच्याकडे, पावतीही ज्याच्या त्याच्या नावाची. गाडी गल्लीत एकदा फिरते आणि तिचा ड्रम भरतो. फोन एकाने करायचा एवढंच. तो एक मी आहे, त्यामुळे शिव्याही मीच खातो. तुमच्या गल्लीत अजून किती गॅरेजं आहेत बघा, भांडुपला काही कमी नाहीत.

---

निवृत्त_पर्जन्यवाले · १३ मे, संध्याकाळी ६.१०

कुर्लावाल्यांची युक्ती चांगली आहे, आणि “ज्याचं त्याच्याकडे” हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. सहाजणांचं तेल एका गाळ्यात ठेवलंत तर पाणी आलं त्या दिवशी सहापट नुकसान आणि कागदावर एकटा माणूस जबाबदार.

भुसा झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये दाबून भरा. वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून लांब, वर खडूने तारीख. ऑइल नेणाऱ्याला आधीच विचारा की ५.२ चा कचरा नेण्याची परवानगी त्याच्याकडे आहे का. काहींकडे दोन्ही असतात. नसेल तर मंडळाच्या कार्यालयात विचारा, यादी मिळते.

ड्रमचं. अर्धा भरलेला ड्रम पाण्यात तरंगणारच, तेल पाण्यापेक्षा हलकं आणि वरची पोकळी रिकामी. वजन ठेवून भागत नाही. गेल्या वर्षीचं पाणी भिंतीवर कुठपर्यंत होतं ती खूण अजून असेल. तिच्यापेक्षा हातभर वर अँगलचा स्टँड करून घ्या. भिंतीला छिद्रं पाडायला मालक नाही म्हणाला तर चार पायांचा, रुंद बुडाचा. त्यावर मोठ्या ड्रमऐवजी २० लिटरचे कॅन ठेवा, म्हणजे वर चढवायला दोन माणसं लागणार नाहीत. कॅनच्या कड्यांतून साखळी ओवून स्टँडला बांधा. खाली पत्र्याचा ट्रे, काठ चार बोटं उंच, एक कॅन पूर्ण फुटला तरी मावेल इतका. बूच रोज रात्री घट्ट आहे का हे बघायचं काम एकाच पोराला द्या. सगळ्यांना दिलंत की कोणीच बघत नाही.

पन्हळीचं तुम्ही शेवटी विचारलंत, पण तुमच्या यादीत ते पहिलं हवं होतं. छपरावरचं पाणी मुळात स्वच्छ असतं, तुमच्या तेलकट लादीवर पडतं म्हणून घाण होतं. पन्हळीला पीव्हीसी पाइप लावून ते कडेने सरळ गटारात सोडा. खर्च किरकोळ, तोडफोड नाही, मालकाला हरकत घ्यायला जागा नाही. आणि गाड्या खोलायची जागा आत सरका. दोन बाइक कमी मावतील. ताडपत्री बाहेर बांधून तिथेच काम चालू ठेवायचा मोह होईल, पण आडव्या पावसात मुंबईत ताडपत्री काही अडवत नाही, आणि फुटपाथवर काम करणं तसंही नियमात बसत नाही.

धुण्याच्या सेंटरचं तुमच्या डोक्यावर येऊ शकतं, कारण फेस आणि तेल खाली तुमच्यासमोर दिसतं. पालिकेच्या एस वॉर्डात (भांडुप त्यातच येतं) लेखी अर्ज द्या, “कोरड्या दिवसांत पर्जन्य जलवाहिनीत पाणी वाहत आहे” एवढं एकच वाक्य, सोबत दुपारचा फोटो. त्यांचं नाव घालू नका, माग काढणं खात्याचं काम आहे. पोच घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याची प्रत द्या, आणि जमलं तर सोबत एक फेरी मारून स्टँड, भुशाचा ड्रम, पावत्या दाखवा. तक्रार करणारा माणूस एकदा आत येऊन बघून गेला की पुढचा फोन बहुतेक वेळा आधी तुम्हालाच करतो.

---

रॅम्पवाला_भांडुप · १३ मे, रात्री ९.५०

स्टँडचं माप घेतलं. भिंतीवरची खूण शोधायला गेलो तर मालकाने मार्चमध्ये रंग मारलाय. शेवटी टेलरमामांना विचारायला गेलो, त्यांच्या लाकडी कपाटावर रेघ अजून आहे. त्यांनीच टेप धरली. म्हणाले अजून चार इंच वर धर, २००५ ला त्याच्याही वर होतं.

उद्या वेल्डर येतोय. गल्लीतल्या दुसऱ्या गॅरेजवाल्यांशी रविवारी बोलतो. कुर्लावाले भाऊ, तुमची गाडी ज्यांच्याकडून येते त्यांचं नाव मेसेजमध्ये पाठवाल का?